मस्तकाघात आणि शुद्धीचे मोजमाप

(देवस्थानच्या उत्सवप्रसंगी महाजन मंडळींसमोर वाचलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विदर्भाच्या उत्तर सीमेला लागून, परंतु मध्य प्रदेश राज्यात, पांढुर्णा आणि सौसर असे दोन तालुके आहेत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हे तालुके छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिले. राज्याची सीमा मध्ये आली, तरी तेथील घरांतली मराठी बोली, शेतकऱ्याचा पोळा आणि नागपूरशी असलेले येणे-जाणे यांत खंड पडला नाही. २०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला.

या मुलखाची कीर्ती दोन गोष्टींमुळे दूरवर गेली आहे. एक, सौसर तालुक्यातील जामसावळीचा हनुमान. उभा वा बसलेला मारुती सर्वत्र दिसतो. जामसावळीची मूर्ती मात्र निजलेली आहे, आणि शरीराच्या व मनाच्या व्याधींनी गांजलेली माणसे तेथे श्रद्धेने आणली जातात. दुसरी गोष्ट म्हणजे पांढुर्ण्याची गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, गोमंतकात घरोघर चवथीची तयारी चालू असते तेव्हा, पांढुर्णा आणि पलीकडच्या तीरावरील सावरगाव येथील लोक जाम नदीच्या पात्रात परस्परांवर दगडगोट्यांचा वर्षाव करतात. नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावलेला असतो. तो तोडून नेण्यासाठी एक बाजू झटते, दुसरी अडविते. शेवटी तो चंडीमातेच्या देवळात अर्पण होतो. पांढुर्ण्याचा एक तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडीत असता दोन्ही तीरांवरून झालेल्या दगडांच्या माऱ्यात ती दोघे मृत्यू पावली, त्यांच्या स्मरणार्थ ही प्रथा पडली, अशी लोककथा आहे.

प्रतिवर्षी या दिवशी शेकडो माणसे जखमी होतात आणि आजवर कित्येकांचे प्राणही गेले आहेत. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले गेले, गोफणीवर बंदी आली, जमावबंदीचे हुकूम निघाले. परंतु प्रथा थांबली नाही. २०२५ सालीही ती पार पडली. प्रथेचा न्यायनिवाडा करणे हा या व्याख्यानाचा विषय नव्हे. तो पांढुर्ण्याच्या व सावरगावच्या लोकांचा प्रश्न आहे, आणि दूर बसून दुसऱ्याच्या देवळातील रीतीवर टीका करणे सोपे असते. विषय इतकाच की, ज्याच्या मस्तकाला गोटा लागला तो माणूस किती शुद्धीवर आहे हे कसे ओळखावे, आणि ते ओळखण्यात चूक झाली तर काय घडते.

जखम डोळ्यांना दिसते. कपाळ फुटले, रक्त वाहिले, की चारजण धावतात, टाके पडतात, पट्टी बांधली जाते. देवीचा अंगारा लावून पुन्हा पात्रात उतरण्याची जुनी रीतही सांगितली जाते. परंतु मस्तकाच्या दुखापतीत बाहेरची जखम आणि आतली हानी यांचे प्रमाण जुळतेच असे नाही. रक्तबंबाळ झालेला माणूस आठ दिवसांत कामाला लागतो, आणि ज्याच्या कानशिलावर केवळ टेंगूळ आले तो रात्री निजतो तो पुन्हा उठत नाही. कानशिलाचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूने मेंदूच्या आवरणाला रक्त पुरविणारी एक धमनी जाते. हाडाला तडा जाऊन ही धमनी फाटली, तर रक्त कवटी आणि आवरण यांच्या मध्ये साचू लागते. कवटीला ताणण्यास जागा नाही. सबब साचणारे रक्त मेंदूलाच दाबीत जाते. आरंभी मेंदू तो दाब सोसतो. माणूस बोलतो, चालतो, चहा घेतो. सोसण्याची मर्यादा संपली की तो झपाट्याने खालावतो. मधल्या काळात तो बरा दिसतो, आणि हा बरेपणाच घातक ठरतो, कारण त्याच्या विश्वासावर माणसे घरी जातात. हे रक्त वेळेवर काढले गेले तर असा रुग्ण बहुधा पूर्ववत होतो. म्हणून त्याला गमावणे अधिकच दुःखाचे.

मग हा बदल टिपावा कसा? येथेच शुद्धीच्या मोजमापाचा प्रश्न येतो.

मूर्च्छित माणसाची पारख करण्याचा विचार आपल्या परंपरेला अपरिचित नाही. वाल्मीकि-रामायणाच्या युद्धकांडात लक्ष्मण शक्तीच्या प्रहाराने पडतो आणि रामचंद्र विलाप करू लागतात, तेव्हा सुषेण धीर देतो तो केवळ शब्दांनी नव्हे, तर लक्षणे दाखवून. मुखाची कांती गेलेली नाही, तळहात आरक्त आहेत, हृदय हलते आहे, म्हणून हा जिवंत आहे, असा त्याचा निष्कर्ष आहे. त्यानंतरच मारुतीला औषधीसाठी धाडले जाते. म्हणजे आधी निरीक्षण, मग धावपळ. ब्रह्मसूत्रांतही मूर्च्छेला जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि मृत्यू या चारींहून निराळे स्थान दिले आहे. त्यावरील भाष्यात शंकराचार्य निजलेला व मूर्च्छित यांतील भेद स्पष्ट करतात. निजलेल्याची मुद्रा शांत असते, श्वास ठरावीक अंतराने चालतो आणि हाताच्या नुसत्या स्पर्शाने तो जागा होतो. मूर्च्छिताचा श्वास कधी बराच वेळ अडतो, अंगाला कंप असतो आणि मुद्गराचा प्रहार केला तरी तो उठत नाही. किती चेतवल्यावर काय प्रतिसाद येतो, यावरून अवस्था ठरवावी, हे या विवेचनाचे सूत्र आहे.

नेमके हेच सूत्र आधुनिक काळात स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे व्यवस्थित मांडले गेले. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन मेंदूशल्यविशारदांनी १९७४ च्या जुलैमध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपली पद्धती प्रसिद्ध केली. तिला ‘ग्लासगो कोमा स्केल’ असे नाव पडले. त्यापूर्वी प्रत्येक वैद्य आपापले शब्द वापरीत असे. मराठीतही गुंगी, ग्लानी, तंद्री, मूर्च्छा, भान नसणे असे शब्द आहेत. पण एकाची गुंगी ती दुसऱ्याची ग्लानी. सकाळच्या परिचारिकेने ‘अर्धवट शुद्धीत’ असे लिहिले आणि रात्रीच्या परिचारिकेनेही तेच लिहिले, तर मधल्या बारा तासांत रुग्ण सुधारला की खालावला, हे कोणास कळावे? टीसडेल व जेनेट यांनी असे शब्द बाजूस सारले आणि कोणालाही दिसू शकतील अशा तीन गोष्टी पाहावयास सांगितल्या : डोळे, वाणी आणि हालचाल.

डोळ्यांना चार गुण. आपण होऊन उघडले तर चार, हाक मारल्यावर उघडले तर तीन, दाब दिल्यावर उघडले तर दोन, मुळीच न उघडले तर एक. वाणीला पाच गुण. आपण कोण, कोठे, आणि महिना कोणता हे नीट सांगितले तर पाच. वाक्ये आहेत पण गोंधळ आहे तर चार. सुटे शब्द तर तीन. नुसते कण्हणे तर दोन. काहीच नाही तर एक. हालचालीला सहा गुण. सांगितल्याप्रमाणे हात उचलला, जीभ काढली तर सहा. डोक्यापाशी किंवा मानेपाशी दाब दिला असता तेथवर हात आणला तर पाच. दाब दिलेला अवयव झटकन मागे घेतला तर चार. हात कोपरात विचित्र रीतीने आखडला तर तीन. ताठ केला तर दोन. काहीच नाही तर एक. आरंभी हालचालीचे पाचच टप्पे होते. पुढे एक वाढविल्यावर एकूण बेरीज पंधरा झाली. तेरा ते पंधरा म्हणजे सौम्य, नऊ ते बारा म्हणजे मध्यम, आठ व त्याखाली म्हणजे गंभीर आघात, अशी स्थूल विभागणी आहे. सर्वांत कमी बेरीज तीन असते, शून्य नव्हे; म्हणून तीन गुण पाहून ‘अजून थोडी शुद्ध उरली आहे’ असे समजू नये.

या मोजणीचे खरे महत्त्व एका आकड्यात नाही, तर दोन आकड्यांमधील फरकात आहे. एक उदाहरण कल्पून पाहावे. पांढुर्ण्याच्या तीरावर एका तरुणाच्या कानशिलावर दुपारी बारा वाजता गोटा लागतो. तो क्षणभर कोसळतो, मग उठतो. साडेबाराला नाव, गाव, दिवस सारे अचूक सांगतो : पंधरा गुण. जखम धुतली जाते. दोन वाजता डोके दुखते म्हणतो आणि डोळे मिटून पडतो. हाक मारली की उघडतो, उत्तरे बरोबर देतो : चौदा. तीन वाजता हाकेला डोळे उघडतो, पण आपण शेतावर आहोत असे सांगू लागतो : तेरा. चार वाजता खांद्याजवळचा स्नायू दाबल्यावरच डोळे किलकिले होतात, तोंडातून सुटे शब्द येतात, हात दाबाच्या जागी येतो : दहा. पावणेपाचला डोळे उघडत नाहीत, नुसते कण्हणे आहे, अंग फक्त मागे ओढतो : सात.

हा तरुण वैद्यकीय तंबूत असेल आणि कोणी दर अर्ध्या तासाने पाहून लिहीत असेल, तर तीन वाजण्याच्या आतच त्याला नागपूरकडे धाडले जाईल. पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर आहे, आणि एवढ्या अंतरात एक तासाचा उशीरही भारी पडतो. पण तोच तरुण साडेबाराला पट्टी बांधून घरी गेला असेल, तर तीन वाजता तो माजघरात चादर ओढून पडलेला असेल, आणि आई म्हणत असेल, ‘सकाळपासून उन्हात होता, दमला आहे, निजू द्या त्याला.’ तिच्या मायेत काही उणे नाही. उणीव आहे ती, निजणे आणि शुद्ध हरपणे हे बाहेरून सारखेच दिसते हे तिला कोणी सांगितले नाही, याची.

ग्लासगोच्याच वैद्यांनी १९७५ मध्ये, आघातानंतर बोलले आणि नंतर दगावले अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यामागील विचार साधा पण कठोर आहे. जो माणूस आघातानंतर बोलू शकला, त्याला मूळ आघाताने मारले नाही. त्यानंतर काही घडले, आणि ते वेळीच ओळखले असते तर कदाचित टाळता आले असते. मेंदूची छायाचित्रे घेणारे सीटी स्कॅन यंत्र १९७१ साली प्रथम रुग्णासाठी वापरले गेले आणि आज ते मोठ्या शहरांतून सर्वत्र आहे. परंतु कोणत्या रुग्णाला त्या यंत्रापर्यंत तातडीने न्यावयाचे, हे जवळ बसलेला माणूसच ठरवितो.

या मोजणीतही काही सावधगिरी हवी. पहिली भाषेची. ‘महिना कोणता?’ या प्रश्नाला पांढुर्ण्याचा शेतकरी ‘भादवा’ असे उत्तर देईल, किंवा ‘काल पोळा झाला’ असे म्हणेल. तपासणाऱ्याच्या कागदावर ऑगस्ट लिहिलेला असेल म्हणून हे उत्तर चूक ठरत नाही. ते पूर्ण शुद्धीचे लक्षण आहे. छिंदवाड्याकडील गोंडी बोलणाऱ्या माणसाला हिंदीत विचारून तो गप्प राहिला म्हणून गुण कापणेही तितकेच अन्यायाचे. गोमंतकातील एखाद्या वृद्ध आजीला इंग्रजीत प्रश्न केल्यासारखेच ते होईल. रुग्णाची बोली जाणणारा आणि त्याचे ऐकू येणे कसे आहे हे ठाऊक असलेला घरचा माणूस म्हणूनच जवळ हवा.

दुसरी सावधगिरी मद्याची. सणाच्या दिवशी काहीजण प्यालेले असतात, आणि बरळणारा माणूस पाहून ‘उतरेल’ असे म्हणून त्याला कोपऱ्यात झोपविले जाते. मद्याने गुंगी येते हे खरे. परंतु प्यालेल्या माणसाच्याही मस्तकात रक्त साचू शकते. डोक्याला मार लागलेल्याची गुंगी मद्यामुळेच आहे असे, इतर शक्यता नाहीशी झाल्यावाचून, कोणी मानू नये.

तिसरी सावधगिरी नोंदीची. डोळे सुजून मिटले असतील, तर डोळ्यांसमोर ‘एक’ असे लिहिणे ही खोटी नोंद होय. तेथे ‘तपासता आले नाही’ असेच लिहावे. न मिळालेला गुण आणि न तपासलेला गुण यांत कोणत्याही कीर्दीत असतो तितकाच फरक आहे. तसेच बेरीज एकच असलेले दोन रुग्ण सारखे नसतात. एकाचे डोळे उघडे आहेत पण वाचा गेली आहे, दुसऱ्याचे डोळे मिटले आहेत पण हात ताकदीने चालतो. दोघांची बेरीज नऊ येऊ शकते. म्हणून तिन्ही गुण वेगवेगळे सांगावेत, असे खुद्द टीसडेल यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली, पद्धतीला चाळीस वर्षे झाल्यावर, पुन्हा बजावले. त्याच वेळी ‘वेदना देणे’ हा शब्द टाकून ‘दाब देणे’ हा शब्द त्यांनी स्वीकारला, कारण रुग्णाला दुखविणे हा तपासणीचा हेतू नव्हे.

हे सारे वैद्यांचे काम आहे. महाजनांनी वा भाविकांनी गुण देत बसावे असा आग्रह नाही. पण साध्या माणसालाही करता येण्याजोगे पुष्कळ आहे. डोक्याला जोराचा मार लागलेल्याला प्रथम एकटे सोडू नये. मानेलाही इजा असू शकते, म्हणून त्याला ओढू नये, बसते करू नये. गुंगीत असलेल्याच्या तोंडात पाणी वा चहा घालू नये. तो श्वासनलिकेत जातो. नाकाशी कांदा धरणे, गालावर चापट्या मारणे, गदागदा हलविणे यांनी काही साधत नाही. उलटी होऊ लागली तर डोके, मान व धड एका रेषेत ठेवून त्याला हलकेच कुशीवर वळवावे. आणि घड्याळ पाहून लिहावे : किती वाजता लागले, तेव्हा शुद्ध गेली का, किती वेळ, नंतर काय बोलला. वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी झोप, बोलण्यात गोंधळ, आकडी, एका हातापायातील शक्ती कमी होणे, नाकातून वा कानातून पाण्यासारखा स्राव, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, यांतील एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. वैद्याने घरी पाठविले असले, तरी त्यांनी सांगितले असेल त्याप्रमाणे रात्रीतून उठवून पाहावे, आणि नुसते ‘हूं’ ऐकून समाधान मानू नये. नाव व स्थळ विचारावे.

पांढुर्णा दूर आहे आणि गोटमार गोमंतकात नाही, म्हणून हा विषय परका मानण्याचे कारण नाही. दुचाकीवरून पडलेला तरुण, माडावरून कोसळलेला पाडेली, न्हाणीघरात घसरलेली आजी, यांचे मस्तकही तसेच असते आणि कानशिलाचे हाड तितकेच पातळ. जत्रेच्या गर्दीत काय होऊ शकते ते २०२५ च्या मे महिन्यात शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेतील चेंगराचेंगरीने गोमंतकाला दाखविले. उत्सवाच्या आधी महाजन मंडळी पालखीची, नैवेद्याची, दिव्यांची, पार्किंगची यादी करतात. त्या यादीत आणखी एक ओळ असावी : जखमींजवळ कोण बसेल, त्याच्याकडे घड्याळ, कागद व पेन्सिल आहे काय, आणि बांबोळीच्या इस्पितळात कोणत्या वाहनाने न्यावयाचे. या तीन गोष्टींना खर्च फारसा नाही.

पांढुर्ण्यातही आता त्या दिवशी नदीच्या तीरांवर उपचाराची केंद्रे उभारली जातात, रुग्णवाहिका सज्ज ठेवल्या जातात आणि गंभीर जखमींना नागपूरला हलविले जाते. प्रथा न सोडता जीव कसा वाचवावा, याचा तो प्रयत्न आहे. पण तंबूत पट्टी बांधून घेतलेला माणूस घरी गेल्यावर त्याच्या उशाशी कोण बसते, यावरच त्या प्रयत्नाचे यश अवलंबून आहे.

जामसावळीचा मारुती निजला आहे, पण भक्तांची श्रद्धा अशी की तो हाकेला उठतो. जखमी माणसाबद्दल मात्र असे गृहीत धरता येत नाही. त्याला हाक मारून पाहावी लागते, तो उठला की नाही ते लिहावे लागते, आणि अर्ध्या तासाने पुन्हा हाक मारावी लागते. देवस्थानाशी संबंध असलेल्या प्रत्येक घरात असे जागरण करणारा निदान एक माणूस तयार व्हावा, एवढीच आजच्या मंगल प्रसंगी देवचरणी प्रार्थना.